दार ठोठावणारा कोण?

भिलाईला माझ्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते. मंडळी मूळची नगर जिल्ह्यातली. येथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, त्यानंतर लौकरच आजोबा इकडे आले आणि येथलेच झाले. मध्यंतरी त्यांची सून अत्यवस्थ होती. महिनाभर त्या घरात सायंप्रार्थना चुकली नाही. सून बरी होऊन घरी परतली, तेव्हा म्हातारबुवा मला म्हणाले, "साहेब, जे मागत होतो तेच मिळालं, पण मिळाल्यावर माझाच विश्वास बसेना. मग मी महिनाभर करत होतो ते काय?"

मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु या प्रश्नाने मला ग्रंथांकडे वळविले. नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात अगदी हाच प्रसंग आहे. हेरोद राजाने पेत्राला तुरुंगात टाकलेले. योहान मार्काच्या आईच्या घरी मंडळी त्याच्यासाठी रात्रभर प्रार्थना करीत बसलेली. इतक्यात सुटून आलेला पेत्रच दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते! आतली मंडळी तिलाच वेडी ठरवितात. ज्याच्या सुटकेसाठी प्रार्थना चाललेली, तो बिचारा बाहेर ठोठावीतच उभा. ही प्रार्थना करणारी माणसे अश्रद्ध होती असे कोण म्हणेल? लेखकाने ही फजिती झाकली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६ साली लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास त्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. पुढील मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे २२५ व्हाव्यात, असे त्यांनी देवाजवळ मागितले. तितक्या मुली त्यांच्या शाळेतही नव्हत्या! मागणे भरून आले, असे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे; पण कोणत्या वाटेने? त्याच वर्षाच्या अखेरीस दुष्काळ पडला. आमचा हा दुर्ग-रायपूरचा मुलूख ज्यात मोडे, त्या मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली. रमाबाईंनी स्वतः कोवळ्या वयात, १८७४ साली, उपासमारीत आईबाप गमावले होते. त्या मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच उभे राहिले. हे वाचताना माझे मन अडखळते. दुष्काळाला प्रार्थनेचे उत्तर म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. मात्र मागताना जी कल्पना मनात असते तिला ओळखीचे वाटावे असेच उत्तर येईल असा नेम नाही, एवढे यातून दिसते. आश्चर्याचे एक मूळ तेथेच असावे.

आता थोडा हसण्याजोगा प्रसंग. १९०५ च्या जानेवारीपासून मुक्ती सदनात पवित्र आत्म्याच्या वर्षावासाठी विशेष प्रार्थना चालू होत्या. जूनअखेरीस एका रात्री एक मुलगी जागी झाली ती अग्नीने वेढल्यासारखी. शेजारच्या मुलीला ती जळतेच आहे असे वाटले, आणि ती पाण्याची बादली आणावयास धावली! महिनोन्‌महिने ज्याची याचना चालली होती, ते आल्यावर घरातला पहिला विचार विझविण्याचा.

याच रमाबाईंची कन्या मनोरमाबाई १९२१ साली ऐन चाळिशीत निवर्तली. आईने तिच्यासाठी किती आळवणी केली असेल! ते उत्तर आले नाही. तरीही रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. मिळणारच असा हिशोब ज्याच्याजवळ पक्का असतो, त्याला न मिळाल्यावर फसविल्यासारखे वाटते. रमाबाईंजवळ तसला हिशोब नसावा. ज्याला हक्काचे येणे वसूल करावयाचे असते तो आश्चर्य करीत नाही. दान घेणारा करतो.

हे सारे मी म्हातारबुवांना आपल्या परीने सांगितले. रुदेची गोष्ट त्यांना लहानपणापासून पाठ होती. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पोरीनं आधी दार उघडायला हवं होतं, नाही का?" आणि सून चहा घेऊन आली तेव्हा तिच्याकडे पुन्हा एकदा, खात्री करून घेतल्यासारखे, पाहत राहिले.