साखळी एकीच्या हातात, घाण दुसरीच्या पाटीत

आज आम्ही जो विषय घेऊन आलो आहोत, तो ऐकून काहीजणी नाकाला पदर लावतील. जेवायला बसला असाल तर रेडिओ जरा बारीक करा, हाच भाग संध्याकाळी पुन्हा लागतो, तेव्हा ऐका. पाळलेल्या कुत्र्याला फिरवायला नेलं की तो रस्त्यात जी घाण करतो, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे.

हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. गटाच्या बैठकीत तो आपणहून आला. हप्ते भरायचा दिवस होता. आमच्यातली एक ताई नगरपालिकेच्या ठेकेदाराकडे झाडलोटीच्या कामावर आहे, पहाटे साडेपाचला खराटा घेऊन नव्या कॉलनीत जाते. दुसरी त्याच कॉलनीत तीन घरची धुणीभांडी करते आणि त्यातल्या एका घरचा लॅब्राडोर रोज सकाळी फिरवून आणते. पहिली म्हणाली, "अगं, तुझ्या वहिनींचा कुत्रा रोज मी झाडलेल्या गल्लीत बसतो आणि तू तोंड फिरवून पुढं जातेस. माझे हातमोजे दोन महिने झाले फाटलेत." त्यावर दुसरी म्हणाली, "मला कुत्रा फिरवायचे पैसे देतात, उचलायचे नाही. आणि उचलू कशानं, पदरानं?" हप्त्याची वही बाजूला राहिली आणि अर्धा तास नुसती कचाकचा झाली.

दोघींचंही खरं होतं. गंमत बघा, साखळी आमच्या एका बाईच्या हातात, खराटा आमच्याच दुसऱ्या बाईच्या हातात, आणि कुत्रा ज्यांचा ते लोक त्या भांडणात कुठंच नव्हते.

त्यातच एका आजींनी विचारलं, "एवढं काय त्यात? आपण शेणानं अंगण सारवतो, तेही जनावराचंच की." प्रश्न अगदी बरोबर होता आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघीजणी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी वेळ काढून जे समजावलं, ते आमच्या शब्दांत सांगतो.

गाय कडबा आणि गवत खाते. कुत्रा मांस खाणारा प्राणी आहे, आणि त्याच्या पोटातले काही जंत माणसालाही त्रास देणारे असतात. शेणातही जंतू असतातच, शेण हाताळलं तरी हात धुवायचेच. पण कुत्र्याच्या विष्ठेतून येणारे जंत वेगळे. त्यातले तीन आपल्याकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला गोल जंत. पिल्लांमध्ये तर हा फार असतो, कारण तो आईच्या पोटातूनच पिल्लात येतो. म्हणून "आमचं पिल्लू घराबाहेर पडलेलंच नाही" असं म्हणून चालत नाही. या जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट आता सांगतो. ही अंडी बाहेर पडल्या पडल्या रोग देत नाहीत. मातीत पडून राहिली की दोन ते चार आठवड्यांत ती तयार होतात. म्हणजे त्याच दिवशी घाण उचलली तर पुढची साखळीच तुटते. नाही उचलली तर आठ दिवसांनी ती वाळते, पाऊस येतो, पायाखाली चुरा होतो आणि आपल्याला वाटतं, गेली एकदाची. दिसायची बंद होते, पण अंडी मातीतच असतात आणि वर्षानुवर्षं टिकू शकतात. फिनेल ओतून ती मरत नाहीत. पाण्यानं ढकलून दिली तर जागा बदलते, एवढंच.

मग मूल मातीत खेळतं, हात तोंडात घालतं आणि अंडी पोटात जातात. बहुतेक मुलांना काही कळतही नाही. पण काहींच्या शरीरात त्यातून निघालेल्या अळ्या फिरत राहतात, यकृतात जातात, फुप्फुसात जातात, आणि क्वचित डोळ्यात. डोळ्यात गेली तर नजर अधू होऊ शकते. घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. असं क्वचितच होतं, पण ज्या घरात होतं त्या घराला 'क्वचित' या शब्दाचा काय उपयोग?

दुसरा अंकुशकृमी, डॉक्टर त्याला हुकवर्म म्हणतात. याला तोंडातून जायची गरजच नाही. याच्या अळ्या ओलसर, सावलीतल्या मातीत आठवडाभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. कुत्र्याचा हा जंत माणसाच्या कातडीत शिरला की बहुतेक वेळा तिथंच भरकटत राहतो. पायावर लाल, वळणावळणाची रेघ उठते, रोज थोडी पुढं सरकते आणि रात्री खाज सुटते. आमच्याकडे अशा रेघेवर चुना लावतात, कुणी हळद लावतं, कुणी नजर काढतं. हे काही न करता दवाखान्यात दाखवा, औषध आहे.

तिसरा फितीसारखा बारीक जंत. मेंढ्या-बकऱ्या जिथं पाळतात आणि कापतात, तिथं याचा संबंध येतो. खाटकाकडचं कच्चं काळीज किंवा फुप्फुस कुत्र्याला टाकलं आणि त्यात पाण्याचे फुगे असले, तर तो जंत कुत्र्याच्या पोटात वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात हळूहळू फुगा वाढतो, कधी ऑपरेशनपर्यंत वेळ येते. याची अंडी तर बाहेर पडल्या क्षणापासून धोक्याची. म्हणून उचलताना उघडा हात लावायचा नाही, आणि कुत्र्याला कच्चं काळीज-फुप्फुस घालायचं नाही. ज्यांच्या घरी बकरी कापली जाते त्यांनी हे नीट ऐकावं.

झाडलोट करणाऱ्या ताईची एक शंका होती, यातून पिसाळण्याचा रोग होतो का? नाही. तो चावण्यातून, लाळेतून होतो.

आता उचलायचं कसं. दुकानात त्यासाठी पिशव्या आणि लांब दांड्याचे चिमटे मिळतात म्हणे, पण आम्हाला रद्दी पुरेशी वाटली. वर्तमानपत्राचे दोन कागद घडी करून बरोबर न्यायचे. कुत्रा बसायच्या आधी जमीन हुंगतो, एकाच जागी गोल फिरतो. रोज फिरवणारीला हे चटकन कळतं. तो वाकला की मागून कागद सरकवायचा. पडलं कागदावर, गुंडाळलं, झालं. जमिनीला लागतच नाही. पहिले दोन दिवस कुत्रा दचकतो, तिसऱ्या दिवशी त्याला काही वाटत नाही. पातळ झालं असेल तर वर मूठभर राख किंवा माती टाकायची, थोडं थांबायचं आणि जुन्या सुपलीनं खरवडून घ्यायचं. ती सुपली मग दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. घरी आल्यावर साबणानं हात, हे सांगायला नकोच. आणखी एक सोपी गोष्ट म्हणजे खाणं झाल्यावर थोड्या वेळात बहुतेक कुत्र्यांना लागते, तेव्हा आधी स्वतःच्या अंगणात कोपऱ्यात बसवावं, मग फिरायला न्यावं.

गुंडाळलेलं टाकायचं कुठं, यावर आमच्यात जास्त वेळ गेला. घरी संडास असेल तर कागदातून आत टाकून पाणी ओतावं, कागद किंवा पिशवी आत टाकू नये. जागा असेल तर भाजीच्या वाफ्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्डा करून त्यात टाकावं, वर माती लोटावी. कंपोस्टच्या खड्ड्यात मात्र नाही, कारण घरच्या खतात एवढी उष्णता होत नाही की अंडी मरतील, आणि तेच खत आपण मेथी-कोथिंबिरीला घालणार. घंटागाडीत द्यायचं असेल तर ओल्या कचऱ्यात अजिबात घालू नका. ओला कचरा पुढं खतासाठी निवडला जातो आणि निवडणारे हात बायकांचे असतात. पुण्यात कचरावेचक बायकांनी सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम चालवली होती, म्हणजे न उघडताच हाताला कळतं. आम्ही तोच ठिपका इथंही काढायला सांगतो. लाल पेन नसेल तर कुंकवाचं बोट चालतं, असं एकीनं सुचवलं आणि लगेच दुसरीनं तिला झापलं. असो, पेन वापरा. कॅरीबॅगवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पिशवीत बांधून गटारात फेकणं तर दुहेरी चूक.

दंडाचं काय, असं विचारतात. मुंबईत महानगरपालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्यानं रस्त्यावर घाण केली तर मालकाला ५०० रुपये दंड ठेवलेला होता. आपल्या गावात काय नियम आहे ते नगरपालिकेत विचारा. पण पहाटे सहाला पावती फाडायला कोण उभं राहणार?

आम्ही दुसरा रस्ता धरला. कुत्रा फिरवणाऱ्या ताईला वहिनींशी बोलायची भीती वाटत होती. महिन्याला ८०० रुपये त्या एका कामाचे, तेच सुटले तर? म्हणून दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घ्यायला गेलो, तेव्हा आम्ही विषय काढला. वहिनी आधी जरा दुखावल्या. "आमचा कुत्रा अगदी स्वच्छ आहे, त्याचं खाणं आमच्यापेक्षा महाग आहे," म्हणाल्या. आम्ही विचारलं, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? त्यांना आठवेना. लस दरवर्षी देतात, पण जंताचं राहून गेलं होतं. पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी हे औषध देतात. वजनाप्रमाणे किती, ते डॉक्टरांनाच विचारायचं.

हे कळल्यावर वहिनींचा सूर बदलला. उचलायचं काम वेगळं आहे, तेव्हा ताईला १०० रुपये वाढवून मिळाले आणि रबरी हातमोजेही आले. रद्दीचे कागद आता वहिनी स्वतः घडी करून साखळीच्या खुंटीला अडकवून ठेवतात. शेजारचे एक काका मात्र अजून ऐकत नाहीत. "मग झाडणारे कशाला ठेवलेत?" म्हणाले. आमची झाडणारी ताई तिथंच उभी होती. म्हणाली, "रस्ता झाडायला, काका." ते हसले, पण दुसऱ्या दिवशी घाण तिथंच होती.

भटक्या कुत्र्यांचं कोण उचलतं, हेही ऐकावं लागतं. खरंय, ते आमच्या ताईच्याच पाटीत येतं. पण निदान ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्याचं तरी कमी होऊ दे. आणि गल्लीतल्या कुत्र्याला जे रोज भाकरी घालतात, त्यांनी डॉक्टरांना विचारून जंताची गोळीही घालावी.

राहता राहिला वाळूचा ढीग. बांधकामासमोरच्या वाळूत कुत्री आवडीनं बसतात आणि तिथंच संध्याकाळी मुलं खोपे करतात. आमच्या अंगणवाडीशेजारी दोन वर्षं असा ढीग पडून होता. मालकाला सांगून थकलो, ताडपत्री महाग पडते म्हणाला. मग सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून, धुऊन, उसवून आमच्याच एकीनं मशीनवर जोडून दिल्या. एका ढिगाला वीसेक गोण्या लागतात. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा, नाहीतर वाऱ्यानं उडतं.