हत्ती, पाषाण आणि रविवारची सकाळ

कन्नड भाषेत ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. हे दोन शब्द जोडले की ‘आनेकल्लु’, अर्थात आकाशातून पडणारी गार, असा अर्थ निष्पन्न होतो. बेंगळूरच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर, तमिळनाडूच्या सीमेलगत वसलेल्या आनेकल या गावाच्या नावाचा असाच अर्थ सांगितला जातो. मात्र आनेकल तालुक्यातील एखाद्या टेकडीवर सकाळी चढून गेल्यास मूळचे दोन्ही शब्दही तितकेच खरे वाटू लागतात. पायाखाली दगड असतो आणि समोरच्या हिरव्या अरण्यात हत्तींचा वावर असतो.

या तालुक्याशी मराठी कुटुंबांचा संबंध अलीकडच्या काळात पुष्कळ वाढला आहे. १९७८ मध्ये ‘केऑनिक्स’ या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी आरंभली. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. पुणे, नाशिक, सोलापूर, बेळगाव येथून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे या परिसरातील उंच इमारतींत स्थिरावली. पुण्यात असताना पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणे किंवा रविवारी सिंहगड गाठणे हा ज्यांचा नित्यक्रम होता, त्यांना येथे प्रश्न पडतो, की आपल्या मुलांनी कोणता डोंगर चढावा?

त्याचे उत्तर फार दूर नाही. आनेकल तालुक्यातच बन्नेरघट्टा हे गाव आहे. तेथील प्राणिसंग्रहालय आणि सफारी सर्वांना ठाऊक असते. परंतु गावातील चंपकधाम स्वामींचे पुरातन विष्णुमंदिर आणि त्यामागील खडकाळ टेकडी यांकडे पर्यटकांचे सहसा लक्ष जात नाही. मंदिरात दर्शन घेऊन ही टेकडी चढता येते. चढ अल्प आहे. आजोबांनी मध्ये दोनदा विसावा घेतला आणि नातवंडांनी तीच वाट दोनदा पालथी घातली, तरी सर्वांना बरोबरच माथ्यावर पोहोचता येते. जवळच सुवर्णमुखी नावाचे तीर्थ आहे. जनमेजय राजाची व्याधी त्याच्या जलाने बरी झाली, अशी आख्यायिका सांगतात.

सह्याद्रीची सवय असलेल्या पायांना येथील खडक निराळा जाणवतो. सिंहगडाचा काळा बसाल्ट हा लाव्हारसाच्या थरांपासून बनला. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. बेंगळूर परिसरातील पट्टिताश्म, ज्याला भूशास्त्रज्ञ ‘पेनिन्सुलर नाइस’ म्हणतात, तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. लालबागेतील प्रसिद्ध खडक याच जातीचा असून तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जतन केलेला आहे. सह्याद्रीत कडे आणि पायऱ्या दिसतात. येथे मात्र गोलाकार, गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखे कातळ दिसतात. उन्हाने तापून आणि रात्री निवून या कातळाचे पापुद्रे सुटतात आणि त्याला ही गोलाई येते. शाळेतील भूगोलाचा एक संपूर्ण धडा मुलांना येथे तळहाताने चाचपून पाहता येतो.

इतिहासाच्या दृष्टीनेही हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे भोसले या प्रांतात आले आणि बेंगळूर ही त्यांच्या जहागिरीची राजधानी झाली. त्यांच्यानंतर हा मुलूख पुत्र व्यंकोजी यांच्याकडे आला. १६८७ मध्ये शहर मोगलांच्या हाती गेले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांनी ते ३ लाख रुपयांस घेतले. आज तेवढ्या रकमेत या शहरात एक साधी सदनिकाही येत नाही, हे ऐकून मुलांना हसू येते आणि तो सनावळीचा धडा त्यांच्या कायमचा स्मरणात राहतो.

टेकडीच्या माथ्यावरून एकीकडे शहराच्या इमारती दिसतात आणि दुसरीकडे अरण्य. या अरण्याला १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे विस्तार होऊन त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर झाले. हत्ती, गवा, बिबट्या, अस्वल, चितळ यांचे ते आश्रयस्थान आहे. दक्षिणेस ते तमिळनाडूतील तळी-होसूरच्या जंगलांशी आणि पुढे कावेरी वन्यजीव अभयारण्याशी जोडलेले आहे. हत्तींचे कळप या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करतात. नाचणीचे पीक तयार होऊ लागले, की ते शेतांत उतरतात आणि शेतकऱ्याची रात्र मचाणावर जाते. शहरवासी कुटुंबासाठी जे निसर्गदर्शन, ते त्या शेतकऱ्यासाठी वर्षभराच्या धान्याचे संरक्षण असते, ही जाणीव टेकडीवरून खाली पाहताना मुलांना अवश्य करून द्यावी.

येथेच या प्रभातफेरीचा गंभीर भाग सुरू होतो. उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र राखण्याचा जो मसुदा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २६८.९६ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित होते. मार्च २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते १६८.८४ चौरस किलोमीटर राहिले. म्हणजे सुमारे १०० चौरस किलोमीटर भूमी या कवचाबाहेर गेली. काही ठिकाणी कवचाची रुंदी अवघी १०० मीटर आहे. अशा क्षेत्रात व्यापारी खाणकाम व दगड फोडण्यास मनाई असते. कवच आक्रसले, की ही मनाईही तेवढीच मागे सरकते. शहराला घरे हवीत, रस्ते हवेत, त्यासाठी खडी हवी आणि खडीसाठी कातळ हवा. हा व्यवहार समजण्यासारखा आहे. पण बँकेच्या ग्राहकाला मुद्दल आणि व्याज यांतील भेद वेगळा सांगावा लागत नाही. सकाळची स्वच्छ हवा, जंगलातून येणारा ओढा, मुलांच्या पायांत येणारे बळ हे व्याज आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या काढता येते. कातळ मात्र मुद्दल आहे. ३०० कोटी वर्षांत साठलेली ही ठेव सुरुंगाने एकदा मोडली, की पुन्हा कोणत्याही खात्यात जमा होत नाही.

एका कुटुंबाने याबाबत काय करावे? अपेक्षा मोठ्या नाहीत. राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीवाचून पायी शिरू नये. ते कायद्याच्या विरुद्ध आहे आणि हत्तींच्या वावरामुळे जिवावर बेतणारेही आहे. मंदिराच्या टेकडीवरही रुळलेली वाट सोडू नये. पुरेसे उजाडल्यावरच निघावे. पहाट व संध्याकाळ ही वन्यप्राण्यांच्या हालचालीची वेळ असते. गावात हत्ती आल्याची वार्ता असेल, तर बेत पुढे ढकलावा. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर पाय घसरतो. त्यामुळे चांगली पकड असणारे बूट घालावेत आणि ज्येष्ठांच्या हाती काठी द्यावी. पाणी, गूळ-शेंगदाणे एवढा शिधा पुरतो. माकडे असल्याने खाऊ हातात न धरता पिशवीत ठेवावा आणि रिकाम्या पिशव्या व बाटल्या परत आणाव्यात. खाली उतरल्यावर गावातल्याच उपाहारगृहात इडली-काफी घ्यावी. त्यातून दोन पैसे तेथील माणसाच्या हाती पडतात आणि जंगल राखण्यात गावाचेही हित गुंतते.

ज्यांना आणखी चालायचे असेल, त्यांच्यासाठी आनेकल गावापासून सुमारे ५ किलोमीटरवर मुत्याल मडुवु हे स्थळ आहे. येथे क्रम उलटा आहे. आधी पायऱ्यांनी दरीत उतरायचे आणि मग चढायचे. पावसाळ्यानंतर तेथे मोत्यांच्या सरीसारखा धबधबा कोसळतो. उन्हाळ्यात तो आटतो. सहलीचा महिना त्याप्रमाणे ठरवावा.

परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना आपले गडकिल्ले सुटीतच पाहायला मिळतात. मात्र डोंगर चढण्याचा संस्कार सुटीची वाट पाहत नाही. तो जेथे घर आहे तेथील मातीत, तेथील भाषेत आणि तेथील माणसांच्या सुखदुःखासह रुजवावा लागतो. आनेकलच्या मराठी घरातील एखाद्या मुलाला सिंहगडाची उंची सांगता आली नाही, तरी फारसे बिघडत नाही. आपल्या टेकडीपलीकडील हत्ती कोणत्या महिन्यात शेतात येतात आणि तिचा कातळ किती जुना आहे, हे त्याला ठाऊक असले, तर उद्या त्या टेकडीबद्दल निर्णय घेण्याची वेळ येईल तेव्हा बोलणारा एक जाणकार नागरिक तिला लाभेल.