माकडाला मागे हटवताना

ताई ची म्हणजे बागेत संथपणे हात फिरवणारे आजी-आजोबा, असंच मलाही वाटायचं. गुडघ्यांसाठी म्हणून कमाटीबागेत जाऊ लागले. १९५६ साली चीनमध्ये बसवलेला २४ हालचालींचा सोपा संच आम्ही तिथे करतो.

त्यातली एक हालचाल ‘माकडाला मागे हटवणे’. पाऊल मागे, एक तळवा आकाशाकडे वळवून कमरेशी, दुसरा कानाजवळून पुढे. वर्षभर मी ती नाचासारखी केली. मग एके सकाळी शिकवणाऱ्या काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. “वहिनी, आता तेच करा.” मी नुसता हात ओढत बसले. सुटेना. “हात नको, पाऊल आणि कंबर!” पाऊल मागे घेतलं, कंबर वळवली, तळवा फिरला आणि त्यांचा अंगठा न् बोटं मिळतात त्या फटीतून मनगट निसटलं. दुसरा तळवा तोवर त्यांच्या छातीशी!

पुढे दिवाळीच्या खरेदीत मोटारसायकलवाल्याने खांद्यावरची पर्स हिसकली. खरं सांगते, तळवा-बिळवा काही आठवलं नाही. पण पाय आपोआप मागे गेला, गुडघा वाकला, पट्टा मी सोडून दिला. पर्स गेली, मी पडले नाही. माझ्या नणंदेचा खुबा अशाच हिसक्यात मोडला होता.

आता दर सोमवारी आम्ही एकमेकींची मनगटं धरतो. आधी हळू, मग जोर लावून. हवेत हात फिरवून हे अंगात येत नाही. आणि सुटलं की थांबायचं नाही, ओरडत माणसांकडे निघायचं.