केवळ स्तनपानाचे सहा महिने : वैद्य व औषधविक्रेते यांचे दायित्व

जन्मापासून सहा महिने बालकास केवळ मातेचे स्तन्य द्यावे, वरचे पाणीही देऊ नये, अशी जागतिक आरोग्य सभेची २००१ पासूनची शिफारस आहे. तत्पूर्वी ही मुदत चार ते सहा महिने मानली जाई. आजारात लागणारे औषध व जलसंजीवनी यांना या व्याख्येत मुभा आहे. निरोगी बालकास रोज चाटविल्या जाणाऱ्या गुटीस मात्र नाही. नेमका येथेच हा विषय आपल्या व्यवसायाशी येऊन भिडतो.

हे धोरण आपल्या शास्त्राच्या विरुद्ध आहे, असा आक्षेप काही वैद्यबंधू घेतात. जातकर्मात मधुसर्पीचे विधान आहे, हे खरे. स्तन्यप्रवृत्ती तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर होते असे मानून सुश्रुताचार्यांनी तोवरची सोय सांगितली. चरकसंहितेत मात्र मधुसर्पीनंतर लगेच स्तनपान सांगितले आहे. पहिल्या दिवसांतील चीकदूध अल्प असले तरी तेच नवजातास पुरते व व्याधिक्षमत्व देते, हे आज निर्विवाद आहे. शिवाय मधामुळे एक वर्षाखालील बालकास बोट्युलिझम हा विकार जडू शकतो. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात ज्यांच्या मातेस स्तन्य नाही, अल्प आहे वा दुष्ट आहे, अशा बालकांना लेह सांगितला आहे. म्हणजे लेह हा निमित्तानुसार द्यावयाचा आहे, सरसकट नव्हे. सुश्रुतोक्त अन्नप्राशनही सहाव्या महिन्यातच आहे.

सोनपेठसारख्या तालुक्यात काय घडते, ते पाहावे. उन्हाळ्यात परभणी जिल्ह्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि ‘बाळाचा घसा सुकतो’ म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया चमच्याने पाणी पाजतात. वस्तुतः स्तन्यात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. गुटीतील वेखंड, हळकुंड वा मुरडशेंग यांविषयी मतभेद असू शकतील. पण सहाण, पाणी आणि चाटविणारे बोट यांच्या शुद्धतेची हमी कोण देणार?

ऊसतोडीस जाणाऱ्या मातेची अडचण याहून कठीण आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. परंतु फडात कोयता चालविणाऱ्या स्त्रीस ती प्रत्यक्षात लाभत नाही. तिला केवळ उपदेश करून भागणार नाही. हाताने दूध काढून, स्वच्छ झाकणाच्या भांड्यात सावलीत ठेवून, चार तासांच्या आत (कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर) वाटी-चमच्याने पाजण्याची रीत तिला शिकवावी. फडाजवळ पाळणाघर असावे, ही मागणीही आपल्या संघटनांनी लावून धरावी.

आता औषधविक्रेत्यांविषयी. दुग्धपर्यायांच्या विक्रीतील प्रलोभनांना आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ मध्ये ११८ विरुद्ध १ मतांनी संमत झाली. आपल्या देशाने १९९२ मध्ये त्यासाठी कायदा केला. २००३ च्या दुरुस्तीने ‘आरोग्यसेवा यंत्रणे’च्या व्याख्येत खाजगी वैद्यक व्यावसायिक, औषधालये, औषधांची दुकाने व वैद्यक व्यावसायिकांच्या संघटनाही आल्या. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असलेले दुग्धपर्याय, बाटल्या व शिशुआहार यांची जाहिरात, मोफत नमुने वा भेटवस्तू यांस बंदी आहे. या कंपन्यांकडून परिषदेसाठी प्रायोजकत्व स्वीकारणेही त्यातच मोडते. उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. गुटी या कायद्याच्या कक्षेत येत नाही; म्हणूनच तेथे आपला विवेक हाच कायदा होय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सहा महिन्यांखालील केवळ स्तनपान घेणारी बालके २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ६३.७ टक्के झाली. तरी जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू होण्याचे प्रमाण ४१.८ टक्केच आहे. ‘दूध पुरत नाही’ असे सांगत माता आली, तर डबा वा शतावरी कल्प हाती देण्यापूर्वी बाळ स्तनास नीट लागते काय, दिवसातून सहा वेळा तरी लघवी करते काय व वजन वाढते काय, एवढे अवश्य पाहावे. बहुतेक वेळा धीर व योग्य पद्धत हेच औषध ठरते. दुग्धपर्याय खरोखर आवश्यक असेल तेथे तो वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावा आणि त्यासाठी मातेस दोष देऊ नये.