शाळेवर जास्त पैसा खर्च केला तर मुलं जास्त शिकतात का?

वरचा प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं. कोणी म्हणेल, "अर्थातच!" कोणी म्हणेल, "पैशाने काय होतंय? शिकवणारा शिक्षक हवा." संशोधकांना मात्र विश्वास ठेवावा असं उत्तर मिळायला जवळपास 50 वर्षं लागली. एवढा वेळ का लागला हे समजून घेतलं, तर संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा हेही बरंच समजतं. म्हणून आज हे उदाहरण घेऊ. उदाहरण अमेरिकेतलं आहे, कारण या प्रश्नावरचं सगळ्यात जास्त काम तिथे झालं आहे.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. गावाची घरपट्टी किती जमते यावर तो ठरत नाही. अमेरिकेत तसं नाही. तिथे सरकारी शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्थानिक संस्था चालवतात. त्यांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, बराच राज्याकडून येतो आणि केंद्राचा वाटा लहान असतो. साहजिकच ज्या भागातली घरं महाग, तिथल्या शाळा श्रीमंत.

कॅलिफोर्नियातली 1968-69 सालची दोन गावं घ्या. बेव्हर्ली हिल्समध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता होती 50,885 डॉलरची, तर बाल्डविन पार्कमध्ये फक्त 3,706 डॉलरची. बाल्डविन पार्कचे लोक दर 100 डॉलरमागे 5.48 डॉलर कर भरत होते, बेव्हर्ली हिल्सचे 2.38. तरीही दर विद्यार्थ्यामागे खर्च होत होता बाल्डविन पार्कमध्ये 577 डॉलर आणि बेव्हर्ली हिल्समध्ये 1,232 डॉलर. म्हणजे गरीब गाव दुपटीहून जास्त दराने कर भरतंय आणि त्यांच्या मुलांवर निम्म्याहूनही कमी खर्च होतोय.

मग पैशाचा परिणाम दिसला का?

1966 साली जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांचा प्रसिद्ध अहवाल आला. सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. निष्कर्ष असा, की मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे. 1986 साली एरिक हनुशेक यांनी अशा 147 अभ्यासांचा आढावा घेतला. खर्च आणि गुण यांच्यात ठाम, सातत्याने दिसणारा संबंध नाही, असं त्यांनी लिहिलं. "पैसा ओतून उपयोग नाही" असं म्हणणाऱ्यांच्या हातात हा मोठा पुरावा आला. तो कोर्टात मांडला गेला, विधिमंडळांत मांडला गेला.

आता इथे थांबून विचार करा. दवाखान्यात दाखल झालेली माणसं घरी बसलेल्यांपेक्षा जास्त आजारी असतात. म्हणून दवाखान्यामुळे माणूस आजारी पडतो, असं आपण म्हणत नाही. शाळांच्या खर्चाचंही तसंच आहे. राज्य सरकार अनेकदा गरीब भागांना जादा अनुदान देतं. अपंग मुलांसाठी, इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा खर्च होतो. म्हणजे जिथे अडचण जास्त तिथेच पैसा जास्त, आणि गुण मात्र कमी. उलट श्रीमंत भागात पैसाही जास्त आणि घरचा आधारही जास्त. हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले की आकड्यांवरून काहीही सिद्ध करता येतं, किंवा काहीच करता येत नाही.

आम्हा सायन्सवाल्यांची पहिली प्रतिक्रिया असते: कंट्रोल ग्रुप घ्या! पण कोणतं सरकार चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांना 12 वर्षं जादा पैसा देईल?

कोर्टाने नकळत केलेला प्रयोग

वरचे दोन गावांचे आकडे एका कोर्टाच्या निकालातले आहेत. 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' या खटल्यात 1971 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मुलाचं शिक्षण शेजाऱ्यांच्या संपत्तीवर अवलंबून ठेवणं समानतेच्या तत्त्वात बसत नाही. 1973 साली अमेरिकेच्या केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने 'सॅन अँटोनियो विरुद्ध रॉड्रिग्ज' खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी वेगळी भूमिका घेतली. त्यामुळे लढाई राज्यांच्या कोर्टात गेली. 1971 ते 2010 या काळात 28 राज्यांत जुनी पद्धत कोर्टाने रद्द ठरवली.

संशोधकांसाठी ही लॉटरीच होती. निकाल कोणत्या साली लागेल, हे एखाद्या मुलाच्या घरच्या परिस्थितीवर ठरत नाही. एकाच डिस्ट्रिक्टमधली दोन मुलं घ्या. एक निकालाआधी शाळेतून बाहेर पडलं, दुसरं नंतर शाळेत आलं. परिसर तोच, फरक पैशाचा. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांनी 1955 ते 1985 दरम्यान जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत असा माग काढला आणि 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाळेच्या 12ही वर्षांत दर विद्यार्थी खर्च 10 टक्क्यांनी वाढला, तर शिक्षण सरासरी 0.31 वर्षाने वाढतं, पुढे मजुरी सुमारे 7 टक्क्यांनी वाढते आणि मोठेपणी गरिबीत असण्याचं प्रमाण 3.2 टक्के-बिंदूंनी घटतं. गरीब घरांतल्या मुलांवर परिणाम यापेक्षाही जास्त.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जुने अभ्यास बहुतेक परीक्षेचे गुण मोजत होते. इथे मोजलं गेलं आयुष्य.

मग प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. निकाल लागला म्हणजे पैसा वाढलाच असं नसतं. कॅलिफोर्नियातच 1978 साली मतदारांनी 'प्रपोझिशन 13' मंजूर केलं. मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या 1 टक्क्यावर आणि ते मूल्य विक्री होईपर्यंत वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढेल, अशी मर्यादा आली. शाळांमधली दरी कमी झाली, पण पुढच्या दोन दशकांत राज्याचा दर विद्यार्थी खर्च देशाच्या सरासरीच्या मागे पडत गेला. म्हणजे समानता आली ती काही अंशी वरच्यांना खाली आणून. म्हणून 'सुधारणा झाली की नाही' एवढंच पाहून चालत नाही, अनुदानाचं नवं सूत्र काय होतं तेही पाहावं लागतं.

तुमच्या कामासाठी

आपल्याकडे असा 'बाहेरून बसलेला धक्का' शोधायचा तर नियम वाचा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक आणि 61 ते 90 मुलांना 3 शिक्षक आहेत. 60 पटाची शाळा आणि 61 पटाची शाळा यांत तसा काय फरक? एका मुलाचा. पण नियमाप्रमाणे शिक्षक एक जास्त. ही तुलना जिल्ह्या-जिल्ह्यांच्या सरासरी खर्चाच्या तुलनेपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. अर्थात दोन गोष्टी आधी तपासायच्या: तिसरा शिक्षक प्रत्यक्षात नेमला गेला का, आणि 61 च्या पुढे शाळांची संख्या एकदम वाढलेली दिसते का. तशी दिसली तर शिक्षक मिळवण्यासाठी पट फुगवला असण्याची शंका घ्या.

प्रपोजल लिहिताना 'अमुकचा तमुकवर होणारा परिणाम' असं शीर्षक सुचलं, की पुढचं वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हे अमुक कोणाला मिळालं, आणि त्यालाच का मिळालं? याचं उत्तर शोधायला दोन महिने गेले तरी चालतील. माहिती गोळा करून झाल्यावर तो प्रश्न गाइडने विचारला, तर जास्त महागात पडतं.