गाडीच्या ब्रेकची डिस्क घरी बदलताय? मग आधी हे वाचा

कन्नडचा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. पॅड बदलून झाले, तरी तेच. चाक खोललं तेव्हा डिस्कवर बोट फिरवल्याबरोबर कळलं, कडेला चांगला काठ उभा राहिला होता. म्हणजे मधला भाग झिजला.

डिस्क किती झिजू द्यायची, हे डिस्कवरच मिमीमध्ये कोरलेलं असतं. व्हर्नियरने मोजताना मात्र तो काठ आडवा येतो अन् जाडी जास्त दिसते. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा, मग नाण्यांची जाडी वजा करा. कोरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली तर डिस्क बदलायची. ती बदलायची तर डावी-उजवी दोन्ही, अन् पॅडही नवेच.

सपाट जागा बघा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी उचलायच्या आधीच थोडे ढिले करा. नुसत्या जॅकवर काम करू नका, खाली लोखंडी स्टँड पाहिजेच. विटा रचून भागवणारे आपल्याकडे बरेच आहेत. वीट फुटते तेव्हा सांगून फुटत नाही.

कॅलिपर सुटला की तो रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका, बाइंडिंग तारेने स्प्रिंगला बांधा. मग त्याच्या मागचे ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढा. डिस्क गंजून बसली असेल तर घण घालू नका. बऱ्याच डिस्कला आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात बोल्ट आलटून पालटून आवळले की डिस्क आपोआप सुटते. काही जुन्या जीपसारख्या गाड्यांत डिस्क हबला मागून आवळलेली असते, बेअरिंग काढावं लागतं. ते काम मिस्त्रीकडेच द्या.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर नवी डिस्कही थरथरेल. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने पुसून काढा, पेट्रोलने नको. पिस्टन शिकंजीने हळूहळू मागे दाबताना वरच्या डबीत ऑइल चढतं. सांडलं तर रंग खातं, म्हणून थोडं सिरिंजने काढून घ्या. परत भरायचं तर झाकणावर लिहिलंय तेच, डॉट 3 किंवा डॉट 4.

आता आमची फजिती. सगळं जोडून गाडी सुरू केली, अंगणातून काढली, ब्रेक दाबला तर पेडल थेट खाली! गाडी कडब्याच्या गंजीत जाऊन थांबली. तिथं पोरं खेळत नव्हती, एवढंच नशीब. पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिले काही दाब रिकामे जातात. गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. कडक होतच नसेल तर गाडी बाहेर काढू नका.

मग मोकळ्या रस्त्यावर आधी हळू, नंतर थोड्या वेगात आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, मध्ये गार होऊ द्या. 50 किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळून बघा. घाटात लगेच नेऊ नका.