सह्याद्रीचा विस्तव कुठे गेला?

सह्याद्रीतल्या एखाद्या घाटात उन्हाळ्यात थांबून समोरचा कडा निरखून पाहा. काळ्या कातळाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक चढलेले दिसतात आणि मधूनच तांबड्या मातीची अरुंद पट्टी. एकेक थर हा लाव्हाचा लोंढा. तांबडी पट्टी ही दोन लोंढ्यांमधली उसंत. तेवढ्या काळात खडक उन्हापावसात झिजला, त्याची माती झाली, मग पुढचा लोंढा आला.

हे घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. झिजून उरलेला हा बेसाल्टसुद्धा आज ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. एवढं सगळं ओतणारा विस्तव मग विझला का?

तो आजही धगधगतोय, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर, हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली. तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. विस्तव जवळजवळ जागेवरच राहिला, आपली जमीन उत्तरेला निघून आली.

पृथ्वीचं कवच सलग नाही. साधारण शंभर किलोमीटर जाडीचे त्याचे तुकडे, म्हणजे भूपट्ट, खालच्या तप्त प्रावरणावरून सरकत असतात. निखाऱ्यावरून पापड हळूहळू ओढला तर त्यावर डागांची ओळ उमटते. तशीच ओळ समुद्रात उमटली आहे: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, रेयुनियन. हवाई बेटांच्या रांगेचा असाच उलगडा भूशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये केला होता. पुढे १९८७ मध्ये आपल्या बाजूच्या समुद्रतळात छिद्रं पाडून बेसाल्ट वर काढला गेला. दक्षिणेकडे जावं तसतसं त्याचं वय कमी होत गेलेलं आढळलं. मला हा पुरावा फार देखणा वाटतो.

ओळ मध्येच तुटलेली मात्र आहे. चागोस आणि मॉरिशस यांच्यामधून समुद्रतळ उसवतो. खालून नवा खडक वर येतो आणि दोन्हीकडचे पट्ट लांब जातात. त्यामुळे चागोसपर्यंतची बेटं आपल्या बाजूला राहिली, मॉरिशस आणि रेयुनियन आफ्रिकेच्या. सेशेल्सची ताटातूट त्याहूनही जुनी. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याच सुमारास तो तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटला. भर समुद्रातल्या त्या बेटांवर खंडावरचा ग्रॅनाइट आजही उघडा दिसतो.

भारताचा वेग तेव्हा वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडक बसली, हिमालय उचलला जाऊ लागला आणि वेग मंदावला. आता तो जेमतेम ५ सेंटीमीटर आहे. बोटांची नखंही साधारण याच गतीने वाढतात.

एकोणिसाव्या शतकात कोकणातली अनेक कुटुंबं मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर मजुरीला गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं तिथे आजही गणपती बसवतात. पायाखाली तिथेही काळा कातळच आहे, रत्नागिरीच्या कातळाहून कित्येक कोटी वर्षांनी धाकटा, पण त्याच चुलीवरचा.